सत्ता गेलेल्या माणसाशी घराने कसे बोलावे?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून आले आहे. गावाचे आणि माणसांचे नाव येऊ नये ही तुमची विनंती मान्य करून, इतर वाचकांना समजावे इतपतच त्यातला मजकूर येथे सांगते. तुमचे मामंजी ७१ वर्षांचे आहेत. गावच्या कृषी पत्तीन सोसायटीचे, म्हणजे शेतकऱ्यांना कर्ज आणि खत देणाऱ्या सहकारी संस्थेचे, चेअरमनपद सलग चार मुदती त्यांच्याकडे होते आणि देवस्थान पंच कमिटीतही त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नसे. गेल्या निवडणुकीत त्यांचे पॅनेल सपशेल पडले. ज्या तरुणाला त्यांनी एकदा ऐन पेरणीच्या तोंडावर कर्जासाठी अंगणात उभे करून रिकाम्या हाताने परत पाठवले होते, तोच आज त्या खुर्चीवर आहे. तेव्हापासून मामंजी सकाळी आठ वाजता इस्त्रीचे पांढरे कपडे घालून सोप्यावर बसतात, कुणी येत नाही, आणि दुपारी आत येऊन आत्याबाईंवर, म्हणजे तुमच्या सासूबाईंवर, डाफरतात. सोसायटीत रांगेत उभे राहावे लागेल म्हणून खतसुद्धा खानापूरच्या दुकानातून आणवतात. तुमचे यजमान बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून रात्री घरी आले की बापलेकांत वाद होतो आणि "केले तसे भरले" हे वाक्य घरात आता रोज ऐकू येते. चुलत सासऱ्यांनी तोडगा सुचवला आहे, की येत्या महालक्ष्मी यात्रेच्या बॅनरवर मामंजींचा फोटो 'मार्गदर्शक' म्हणून छापून घ्यावा. दरम्यान स्त्रीशक्ती संघाच्या, म्हणजे बायकांच्या बचत गटाच्या, बैठकीत नव्या चेअरमनच्या पत्नीने तुमच्याजवळ एक निरोप दिला. सोसायटीच्या गोदामाची जागा पूर्वी कुणीतरी तोंडी दान दिली होती, उताऱ्यावर सोसायटीचे नाव चढलेले नाही, आणि तो व्यवहार ठाऊक असलेले मामंजीच काय ते उरले आहेत. त्यांनी थोडा वेळ द्यावा, असा तो निरोप. तुम्ही तो अजून घरात कुणालाच सांगितलेला नाही.

तुम्ही विचारता, की त्यांना पुन्हा निवडणुकीला उभे राहण्यासाठी धीर द्यावा का, गावाने त्यांना पुन्हा मान द्यावा म्हणून घरच्यांनी काय करावे, आणि हा निरोप सांगावा की दाबून ठेवावा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी सर्वांत आधी देते, कारण त्याला उशीर होतो आहे. निरोप सांगा. तो त्यांच्या नावाने आलेला आहे; आपण तो अडवून ठेवला तर पूर्वी ते अंगणातल्या माणसांना जसे ठेवत, तसेच आपण त्यांना ठेवल्यासारखे होईल. बाकीच्या दोन प्रश्नांसाठी मात्र थोडे मागे जावे लागेल, कारण काय गेले हे नीट पाहिल्याशिवाय काय उरले आहे ते दिसणार नाही.

सोसायटीचे चेअरमनपद शहरातल्या माणसाला लहान वाटते. आपल्या भागात ते लहान नाही. पीककर्ज बिनव्याजी मिळते खरे, पण ते मुदतीत भरले तरच. मुदत उलटली की व्याज चढते आणि पुढचे कर्ज अडते. म्हणून दरवर्षी प्रत्येक शेतकऱ्याला नवे-जुने करण्यासाठी, म्हणजे जुने कर्ज भरून नवे उचलण्यासाठी, ठरावीक दिवसांत सोसायटीची पायरी चढावीच लागते. मृग तोंडावर आला, खताची गाडी आली, आणि यादीत आपले नाव पुढे की मागे हे एका माणसाच्या मनावर असले, तर त्या माणसासमोर आवाज आपोआप खाली जातो. वर्षानुवर्षे खाली गेलेले आवाज ऐकणाऱ्याला हळूहळू असे वाटू लागते, की जगात आपला आवाजच तेवढा मोठा आहे. मामंजी स्वभावाने वाईट आहेत असे तुमच्या पत्रावरून मला वाटत नाही. तुमच्या बाळंतपणात मध्यरात्री जीप काढून बेळगावला नेणारे तेच होते, हे तुम्हीच लिहिले आहे. पण माणसांना बसू न देता अंगणात उभे ठेवणारेही तेच होते, आणि या दोन गोष्टींपैकी कोणतीही एक दुसरीला पुसून टाकत नाही.

उभे ठेवण्याची ही सवय आपल्याच मुलखाच्या इतिहासात नोंदलेली आहे. विजयनगरचा रामराया सुलतानांच्या वकिलांना आपल्यासमोर बसू देत नसे आणि मिरवणुकीत त्यांना कोसकोस पायी चालवत असे, असे फेरिश्ता या फारसी इतिहासकाराने लिहिले आहे. फेरिश्ता विजापूरच्या आदिलशाही दरबारातला असल्याने त्याच्या लिहिण्याला विरुद्ध पक्षाचा रंग आहे हे धरून चालावे. तरीही एवढे निश्चित, की वर्षानुवर्षे ज्यांना एकमेकांविरुद्ध खेळवले ते सुलतान अखेर एकत्र आले आणि २३ जानेवारी १५६५ रोजी, आपल्या जिल्ह्याच्या उत्तर तालुक्यांतून वाहत जाणाऱ्या त्याच कृष्णेच्या खालच्या अंगाला, रामरायाचा पराभव झाला. त्याच दिवशी त्याचा शिरच्छेद झाला. तो तेव्हा फार वृद्ध होता आणि झाले ते उमजून घेण्यासाठी त्याला एक दिवसही मिळाला नाही. मामंजींना असे दिवस मिळालेले आहेत, आणि त्यांचे काय करायचे यात घरच्यांचा वाटा मोठा आहे, म्हणून हे उत्तर मी लांबवते आहे.

महाभारतात बापलेकांची एक जोडी आहे, जी दोघेही गर्वाने स्वर्गातून खाली आली: नहुष आणि ययाती. ययाती आपल्याकडे मुलाचे तारुण्य मागणारा राजा म्हणून सर्वांना माहीत आहे, पण त्याची पुढची कथा फारशी सांगितली जात नाही, आणि नहुषाचा शाप सांगितला जातो पण सुटका सांगितली जात नाही. मला तुमच्या घरासाठी नेमके हे राहून गेलेले भाग उपयोगाचे वाटतात.

नहुष चांगला राजा होता. वृत्राला मारल्यावर इंद्र लपून बसला, स्वर्गाचे सिंहासन रिकामे पडले, तेव्हा देवांनी आणि ऋषींनी स्वतः जाऊन त्याला इंद्रपदावर बसवले. त्याने ते मागितले नव्हते. उलट आपल्यात तेवढे बळ नाही असे तो म्हणाला होता. तेव्हा त्याला वर मिळाला, की जो कोणी तुझ्या दृष्टीस पडेल त्याचे तेज तुझ्यात येईल. या वराजवळ थोडे थांबा, ताई. नहुषाचे नवे बळ त्याचे स्वतःचे नव्हतेच. समोर येणाऱ्या प्रत्येकाचे थोडे थोडे काढून घेतलेले होते. पुढे त्याने इंद्राच्या पत्नीची, शचीची, अभिलाषा धरली, ऋषींच्या खांद्यावर पालखी ठेवून निघाला आणि अगस्त्यांच्या मस्तकाला पाय लावला. शाप झाला आणि तो अजगर होऊन पृथ्वीवर पडला.

तुमच्या घरात गेली वीस वर्षे कुणाचे तेज कमी झाले होते, याचा विचार करा. गावातल्या कर्जदारांचे तर झालेच, पण त्यांच्या आधी आत्याबाईंचे झाले. तुम्ही लिहिता, की "मामंजी घरात असताना आत्याबाई पूर्ण वाक्य बोलत नाहीत." सोसायटीची खुर्ची गेली म्हणजे मामंजींचे सर्वस्व गेले असे त्यांना वाटते आहे, प्रत्यक्षात जे दुसऱ्यांचे होते ते दुसऱ्यांकडे परत गेले आहे. गोदामाचा हिशेब, दोन्ही भाषांतले कागद वाचण्याची हातोटी, गावातल्या प्रत्येक बांधाची माहिती आणि रात्री जीप काढण्याची वृत्ती यांतले काहीही निवडणुकीत हरलेले नाही. पण हे त्यांना आज सांगू नका. आज ते सांत्वन म्हणून ऐकतील आणि सांत्वन त्यांना दयेसारखे टोचेल.

आता सुटकेचा भाग. वनवासात असताना भीम एका मोठ्या अजगराच्या विळख्यात सापडला. दहा हजार हत्तींचे बळ असलेला भीम त्या विळख्यात हलू शकेना. युधिष्ठिर शोधत आला तेव्हा अजगराने सांगितले, की मी तुझाच पूर्वज नहुष आहे. माझ्या प्रश्नांची उत्तरे दिलीस तर तुझ्या भावाला सोडीन. युधिष्ठिराने शस्त्र उचलले नाही. त्याने उत्तरे दिली, माणसाची योग्यता जन्मावरून नव्हे तर सत्य, दान, क्षमा आणि वर्तन यांवरून ठरते असे सांगितले, आणि मग स्वतःही अजगराला प्रश्न विचारले. अजगराने त्यांची अशी उत्तरे दिली की युधिष्ठिर चकित झाला आणि त्याने अखेर विचारलेच, की इतकी बुद्धी असताना तुम्हांला मोह कसा झाला? तेव्हा नहुषाने स्वतःच्या तोंडाने सांगितले, की ऐश्वर्य शहाण्या आणि शूर माणसालाही धुंद करते, आणि मला त्याने केले. शाप देणाऱ्या अगस्त्यांनीच त्याच्या सुटकेची वाट युधिष्ठिराशी होणाऱ्या या संवादात ठेवली होती.

तुमचे यजमान आज भीमाच्या जागी आहेत. रोज रात्री ते बळाने सुटू पाहतात: निवडणुकीतल्या चुका मोजून दाखवतात, कुणाकुणाला दुखावले त्याची यादी वाचतात. त्यातले एकही वाक्य खोटे नसेल, पण विळखा घट्टच होतो आहे. "केले तसे भरले" हे ज्याला कर्जाशिवाय परत पाठवले गेले त्या तरुणाने म्हणावे. तो त्याचा अधिकार आहे आणि गावाने तो मतदानातून बजावला आहे. मुलाने तेच वाक्य पुन्हा ऐकवले तर मुलगा गावाचा शंभरावा मतदार होतो, मुलगा राहत नाही. मामंजींच्या चुका त्यांना ठाऊक नाहीत असे समजू नका. रात्री दोनला उठून ते अंगणात फेऱ्या घालतात असे तुम्ही लिहिले आहे, आणि ज्याला आपले काही चुकले असे वाटतच नाही तो सहसा रात्री फेऱ्या घालत नाही.

म्हणून तुमच्या यजमानांना माझा निरोप असा, की महिनाभर निवडणुकीचा विषय त्यांनी स्वतःहून काढू नये आणि मामंजींनी काढला तर उत्तर न देता प्रश्न विचारावा. प्रश्न खरा असावा, ज्याचे उत्तर त्यांना माहीत आहे आणि तुम्हांला नाही. सोसायटीचे पहिले भागभांडवल कसे गोळा झाले, दुष्काळाच्या वर्षी वसुली कशी केली, जिल्हा बँकेत पहिल्यांदा गेले तेव्हा कोण भेटले. परीक्षा घेण्यासाठी किंवा वेळ घालवण्यासाठी विचारलेला प्रश्न त्यांना लगेच कळेल. आयुष्यभर माणसांच्या तोंडाकडे पाहून त्यांनी कर्जे मंजूर केली आहेत.

यानंतर बॅनरचा प्रश्न. माझे मत स्पष्ट आहे: छापू नका. ययाती स्वर्गात गेल्यावर इंद्राने त्याला विचारले, की तपात तुझ्या बरोबरीचा कोण? ययाती म्हणाला, देवांत, माणसांत, ऋषींत मला कुणीच दिसत नाही. त्या एका उत्तराने त्याचे पुण्य संपले आणि तो खाली पडू लागला. पडता पडता त्याने एवढेच मागितले, की मी सज्जनांमध्ये पडावे. तो पडला तो आपल्या मुलीच्या चार मुलांमध्ये: अष्टक, प्रतर्दन, वसुमना आणि शिबी. आदिपर्वातल्या कथेत हे नातू त्याला आपापले पुण्यलोक देऊ करतात. ययाती नाकारतो; राजा असताना मी कधी दान घेतले नाही, आता घेणार नाही, असे म्हणतो. मग वसुमना सुचवतो, की दान नको तर गवताच्या काडीच्या मोबदल्यात विकत घ्या. ययाती तेही नाकारतो, कारण तो व्यवहार खोटा आहे हे त्याला कळते. सगळे काही गमावलेल्या त्या म्हाताऱ्या राजाचा तो नकार मला पुन्हा पुन्हा मोठा वाटतो. पुढे तो नातवांबरोबर पुन्हा वर जातो, पण त्या काडीच्या व्यवहारावर नव्हे.

बॅनरवरचा 'मार्गदर्शक' ही अशी गवताची काडी आहे. नव्या कमिटीने मनापासून छापायचे ठरवले तर गोष्ट वेगळी. पण घरच्यांनी वर्गणी वाढवून, मध्यस्थ घालून तो छापून घेतला, तर यात्रेच्या दिवशी चार पोरे त्या फोटोखाली उभी राहून काय बोलतील हे तुम्हांलाही माहीत आहे आणि मामंजींनाही. आज त्यांना तो फोटो हवासा वाटेल, कदाचित तेच चुलत सासऱ्यांना पुढे करत असतील. तरी त्यांच्यात ययातीचा तो स्वाभिमान शिल्लक आहे असे मानून वागा. याच कारणाने पुन्हा निवडणुकीला उभे राहण्याचा धीरही देऊ नका. पाच वर्षांनी त्यांना उभे राहायचे असेल तर ते राहतील. तो त्यांचा हक्क आहे. पण घरच्यांनी आजपासून "पुढच्या वेळी बघू" असे म्हणत राहणे म्हणजे मधली पाच वर्षे त्यांना सोप्यावर वाट पाहायला लावणे आहे.

अशा वाट पाहण्याने घराचे काय होते याचे उदाहरण रत्नागिरीत आहे. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी नोव्हेंबर १८८५ मध्ये मंडालेहून उचलले आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवले. त्याच्या कारकिर्दीच्या आरंभी, १८७९ मध्ये, राजघराण्यातल्या कितीतरी आप्तांची हत्या झाली होती. त्याच राजाला पुढची तीस वर्षे इंग्रजांच्या तनख्यावर काढावी लागली. आज थिबा पॅलेस म्हणून लोक जो वाडा पाहायला जातात तो १९१० मध्ये तयार झाला, म्हणजे त्याच्या निधनाच्या अवघी सहा वर्षे आधी. राज्य गेले तरी दरबाराची ऐट सुटली नाही. कर्जे झाली, बरोबर आणलेले जडजवाहीर विकले गेले, आणि तोलामोलाचे राजघराणे कुठे आहे या प्रश्नात मुलींची लग्ने रखडली. थिबाच्या दुःखाबद्दल मला सहानुभूती आहे. परक्या किनाऱ्यावर, परक्या भाषेत, पुन्हा मायदेश न पाहता तो १९१६ मध्ये वारला. पण त्याच्या गेलेल्या राज्याची किंमत ज्यांनी कधी राज्य केलेच नव्हते त्या मुलींनी चुकवली. तुमच्या घरात ही किंमत आज आत्याबाई चुकवत आहेत आणि थोडी तुम्ही. खतासाठी खानापूरची फेरी आणि तिचे भाडे हीसुद्धा तीच किंमत आहे.

आता निरोप कसा सांगायचा ते पाहू. तो तुम्हीच सांगा, यजमानांमार्फत नको, कारण बापलेकांमध्ये सध्या कोणताही विषय निवडणुकीवरच जाऊन थांबतो. सकाळी ते सोप्यावर बसल्यावर चहा देताना साध्या शब्दांत सांगा: "मामंजी, गोदामाच्या जागेची माहिती तुमच्याकडे आहे म्हणून चेअरमनना तुम्हांला भेटायचे आहे. निरोप येऊन काही दिवस झाले, मी सांगायला उशीर केला." 'चेअरमन' हा शब्द गाळू नका किंवा त्या तरुणाचे नाव घेऊन तो टाळू नका, तो शब्द दुसऱ्यासाठी पहिल्यांदा घरातल्या माणसाच्या तोंडून ऐकणे त्यांना जड जाईल, पण बाहेर ऐकण्यापेक्षा ते बरे. ते संतापतील. "आता माझी आठवण झाली का?" असे म्हणतील. त्यावर काही समजावू नका. दोन दिवस जाऊ द्या.

कामाची थोडी माहिती देते, कारण मामंजी कागदाचे माणूस आहेत आणि कागदावर बोलणे त्यांना सोपे जाईल. स्थावर मिळकतीचे दान कायद्याने तोंडी पुरे होत नाही. त्यासाठी नोंदणीकृत बक्षीसपत्र लागते. म्हणजे मामंजींनी साक्ष दिली एवढ्याने जागा सोसायटीच्या नावावर चढणार नाही. ज्यांनी जागा दिली त्यांच्या सर्व वारसांना शोधून, त्यांना तयार करून, सब-रजिस्ट्रार कचेरीत दस्त करावा लागेल, आणि त्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा लागेल. नव्या चेअरमनला खरी गरज आहे ती या ठिकाणी. वारस कोण, त्यांतले मुंबई-पुण्याला गेलेले कोण, त्या वेळी काय बोलणे झाले होते, कुणाचा शब्द कुणी मानतो, हे कोणत्याही उताऱ्यावर लिहिलेले नसते. शिवाय आपला भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असल्याने अशा जमिनींचे मूळ कागद बहुधा मराठीत किंवा मोडी लिपीत असतात, नंतरचे कन्नडमध्ये, आणि आजचे उतारे तर कन्नडमध्येच निघतात. मराठी शाळेत शिकलेल्या तरुण चेअरमनला कचेरीतले कन्नड जड जाते, असे तुम्ही लिहिले आहे. मामंजींनी वीस वर्षे दोन्ही भाषांत तो कारभार केला. हे काम कुणी त्यांना मान द्यावा म्हणून काढलेले नाही. ते नसतील तर गोदाम अडचणीत येईल.

भेट तुमच्या घरीच व्हावी, पण त्या तरुणाला अंगणात उभे राहावे लागणार नाही याची जबाबदारी तुम्ही घ्या. तो येण्याआधी सोप्यावर दोन सारख्या खुर्च्या मांडून ठेवा. मामंजींनी "बसा" म्हटले तर उत्तम. नाही म्हटले तर तुम्ही म्हणा. त्या दिवशी जुन्या कर्जाच्या प्रसंगाबद्दल माफीची अपेक्षा धरू नका आणि कुणी मध्यस्थाने ती मागायला लावूही नये. नहुषाने आपली चूक सांगितली ती शेवटी, युधिष्ठिराने विचारल्यावर आणि बरेच बोलणे झाल्यावर. शापाच्या दिवशी नव्हे. त्या तरुणाच्या मनातही राग असेल आणि तो राग रास्त आहे. तो मोडून काढण्याचे काम तुमचे नाही.

मामंजी माहितीच्या बदल्यात काही मागतील अशी भीती तुम्हांला वाटते: पंच कमिटीतली जागा, नाहीतर यात्रेतला पहिला नारळ. ती शक्यता आहे. तसे झाले तर तुम्ही एकच वाक्य बोला, की गोदामात आपले भातही राहते. पुढे त्यांनी नकार दिला तर तो नकार त्यांचा राहू द्या आणि तो त्यांनीच चेअरमनना कळवू द्या. तुम्ही निरोप पोहोचवला, तिथे तुमचे काम पूर्ण झाले.

खताच्या रांगेचा प्रश्न त्यामानाने लहान आहे, पण रोजचा आहे. अनुदानाच्या खतासाठी आता आधार दाखवून यंत्रावर अंगठा द्यावा लागतो, आणि त्यांनीच नेमलेला कारकून त्यांच्यासमोर ते यंत्र धरील, हे त्यांना सर्वांत जास्त सलत असावे. पहिल्यांदा गर्दीच्या दिवशी नेऊ नका. गाडी येऊन दोन दिवस झाल्यावर, तुमच्या यजमानांनी सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या कामासाठी म्हणून जावे आणि "येता का?" एवढेच विचारावे. आले नाहीत तर पुन्हा विचारावे, पुढच्या हंगामात.

एका बाबतीत मात्र वाट पाहू नका. झोप नाही, ताट बाजूला सारतात, आणि "आता पुरे झाले" असे दोनदा म्हणाले, असे तुम्ही लिहिले आहे. याला केवळ रुसवा समजू नका. शेतीची औषधे घरात किंवा गोठ्यात असतील तर ती आजच कुलपात ठेवा आणि किल्ली तुमच्याजवळ ठेवा. १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीच्या, सरकारी क्रमांकावर कोणत्याही वेळी फुकट बोलता येते. आधी तुम्ही बोला आणि त्यांच्याशी कसे बोलावे ते विचारा. धारवाडला मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे आणि बेळगावच्या जिल्हा रुग्णालयातही दाखवता येते. मामंजी वेड्याच्या डॉक्टरकडे येणार नाहीत म्हणतील, तर झोपेच्या तक्रारीसाठी म्हणून न्या. झोपेची तक्रार खरीच आहे. जगणे नको अशा अर्थाचे बोलणे पुन्हा ऐकू आले तर त्यांना एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिले आहे, की निकालाच्या रात्री तुम्हांला क्षणभर बरे वाटले आणि त्याची तुम्हांला लाज वाटते. बी. कॉम. झालेल्या सुनेला ज्यांनी सोसायटीच्या ताळेबंदाकडे कधी पाहू दिले नाही, त्यांची खुर्ची गेल्यावर तिला बरे वाटणे हा मोठा अपराध मला वाटत नाही. तुम्ही त्यांना मनातून क्षमा केलीच पाहिजे असेही मी म्हणणार नाही. काळजी घेणे आणि क्षमा करणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि तुम्ही पहिली आधीच करत आहात. गोदामाचे काम सुरू झाले तर जुन्या कागदांची यादी करायला बसा आणि समजले नाही तिथे मामंजींना विचारा. त्या निमित्ताने तो ताळेबंदही तुमच्या नजरेखालून जाईल.

आणखी एक. जागेचे दान ठरले त्या दिवशी ती मंडळी तुमच्याच घरी जेवली होती आणि स्वयंपाक आत्याबाईंनी केला होता, असे तुमच्या पत्रात ओझरते आले आहे. मग तो व्यवहार ठाऊक असलेले मामंजी एकटे नाहीत. नवे चेअरमन येतील त्या दिवशी सोप्यावर दोन नव्हे, तीन खुर्च्या मांडा, आणि वारसांची नावे विचारायची वेळ आली की आत्याबाईंनाही विचारा.